डावं-उजवं

ये, आत ये. उंबऱ्याशी ऑइल सांडलंय, पाय जपून टाक.
डावीकडची तोरिनो, उजवीकडची फाल्कन.
दोघी एकाच सालच्या, एकाहत्तरच्या.
रोसारिओहून एवढ्या उन्हात आलास
आणि दारातूनच विचारतोस, एलिसेओ, कुठली घेऊ?

दम धर.
बेल व्हिलेत दुपारी दोन ते पाच
कुत्रंसुद्धा निर्णय घेत नाही.

आधी तोरिनो. माझं माप हिच्याकडे झुकतं, कबूल.
एकोणीस वर्षांचा होतो, सांता इसाबेलच्या कारखान्यात
डॅशबोर्डचे स्क्रू आवळायचो, पाळीला चाळीस गाड्या.
हिचेही मीच आवळले असतील. नसतीलही.
डायल बघ कसे ओळीने बसलेत,
मांडवातल्या व्याह्यांसारखे, मान न वळवता.
स्टिअरिंगला लाकूड, ग्रिलवर मागच्या पायांवर उभा बैल.
तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबलास
की पाठ सीटला चिकटते आणि खिसा हलका होतो.
पेट्रोल पीत नाही ही, ढोसते.
जुलैच्या थंडीत पहाटे चोक ओढायचा
आणि हात जोडायचे.

फाल्कनचं तसं नाही.
फाल्कन म्हणजे रोजची भाकरी.
पुढची सीट बाकासारखी सलग, तिघं बसतात, चौघं कोंबतात.
गिअर तीनच, स्टिअरिंगच्या दांड्याला,
आंधळ्यानेही टाकावेत असे.
बिघडण्यासारखं हिच्यात फारसं काही ठेवलेलंच नाही.
माझ्या मेहुण्याने, ओरेस्तेने, असल्याच एकीतून
सोयाबीनची पोती नेली, दोन वासरं नेली,
एकदा भर पुरात अडलेली बाळंतीण नेली.

हिशेबाने गेलास तर फाल्कन घे.

फक्त,
दाराच्या कडेला जरा नखाने खरवड.
वरचा दुधी रंग माझा, मार्चमध्ये दिलेला.
खालून येतो तो हिरवा.

तू त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलास.
तरी बघ, नख मागे घेतलंस.
कागदावर पहिल्या मालकाचं नाव पुसट आहे.
हिरव्या काय कमी होत्या? डॉक्टरांच्या, पाववाल्यांच्या,
आमच्या पाद्र्याचीसुद्धा.
गाडीचा काय दोष, मीही म्हणायचो.
देशभर तेव्हा डावं-उजवं चाललं होतं
आणि गाडी थोडीच विचारते, मागे कोण आहे म्हणून.

भिंतीपलीकडे ओफेलिया तिस्सेरा राहते. भूगोल शिकवायची.
तोरिनो रेस केली की ती खिडकीतून ओरडते,
कान फुटले, म्हातारा झालास, लाज धर.
फाल्कन सुरू केली की
तिचा रेडिओ बंद होतो.

एप्रिलमध्ये एकदा आली, सपाता घालूनच.
उघड, म्हणाली.
मी बॉनेटकडे गेलो. ती मागे जाऊन उभी राहिली.
डिकी उघडली. स्टेपनी, जॅक, शिळ्या रबराचा वास.
ती वाकली आणि वितीने मोजू लागली,
दोन, तीन, चार,
सहाव्या वितीला पत्रा लागला.
आन्सेल्मो गोलकीपर होता आमचा. वरच्या दांडीला हात पोचायचा त्याचा.
गुडघे मोडून, ती म्हणाली. मला उद्देशून नव्हे.
मग झाकण तिनेच लावलं.
कुलूप अडकतं तिथलं, दोनदा आपटावं लागलं.
ते मी अजून दुरुस्त केलेलं नाही.

त्या रात्री टेप घेऊन दोन्ही डिक्या मोजल्या.
का, विचारू नकोस.
डावीकडचीत माणूस मावणार नाही
असं काहीतरी निघावं, असं वाटत असेल.
चार बोटांचा फरक.
तोरिनोची मोठी.

तर असं आहे. किंमत दोघींना सारखीच लावलीय.
चाव्या खिळ्याला आहेत, दोन्ही फिरवून बघ.
फाल्कन नेलीस तर इथे सुरू करू नकोस,
न्यूट्रलवर टाक, कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊ.
तू स्टिअरिंग सांभाळ.
मागून मी आहे.